भाडेकरूंचा विमानतळ

२८ जून २०१८ रोजी, ऐन पावसाळ्यात, जुहूच्या धावपट्टीवरून एक जुने किंग एअर सी-९० विमान चाचणी उड्डाणासाठी निघाले. कधीकाळी ते उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे होते. अपघातानंतर ते विकले गेले, मुंबईच्या एका खासगी कंपनीने घेतले आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा उडण्याजोगे झाले आहे की नाही हे त्या दुपारी तपासले जाणार होते. ते घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीच्या आवारात कोसळले. दोन वैमानिक, दोन अभियंते आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण गेले. बांधकामावरचे मजूर तेवढ्यात जेवायला उठले होते, म्हणून आकडा पाचावर थांबला. यात यंत्रणेची कसलीही कर्तबगारी नव्हती.

रिवाजाप्रमाणे तपास झाला. अपघाताच्या तपासात विमान पाहतात, वैमानिकांचे निर्णय पाहतात, देखभालीच्या नोंदी चाळतात. दुरुस्तीचा हा धंदा त्या जागी चालावा का, चालायचा तर कोणत्या अटींवर, आणि वर्षानुवर्षे जमिनीवर पडून राहिलेले विमान पहिल्यांदा वर जाते तेव्हा ते कोणत्या दिशेला जावे, हे प्रश्न तपासाच्या कक्षेत येत नाहीत. मग ते कुणाच्या कक्षेत येतात? मुंबईच्या मधोमध असलेल्या या विमानतळावर कोणी काय धंदा करावा आणि कसा करावा, याचे एका जागी लिहिलेले, लोकांना वाचता येईल असे नियम कोणते? घाटकोपरच्या त्या पादचाऱ्याच्या मृत्यूनंतर हे विचारायला हवे होते. तेव्हा विचारले गेले नाही. आता विचारले नाही तर पुढच्या वेळी मजूर जेवायला गेलेले असतीलच याची हमी नाही.

जुहू हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १९२८ मध्ये तो सुरू झाला, त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबही तिथे उभा राहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, उतरले ते याच मैदानावर. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला, मोठी विमाने तिकडे गेली आणि जुहू मागे पडले. दोन्ही धावपट्ट्या इतक्या लगत की १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी संपवून पुढे गेले, ते पुन्हा उडालेच नाही. या गोष्टी आज गमतीने सांगितल्या जातात. पण शहर आणि धावपट्टी यांच्यात मुळात किती थोडे अंतर होते हेही त्या सांगतात, आणि तेव्हा भोवताली वाड्या आणि नारळाची झाडे होती. आज पूर्वेला स्वामी विवेकानंद मार्ग, पार्ल्याची महाविद्यालये आणि इस्पितळे, चहूबाजूंनी सोसायट्या आणि कुंपणाला टेकलेल्या झोपड्या आहेत. फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण केव्हाच धुळ्याला हलवले. शिकाऊ वैमानिकाला हे आकाश परवडत नाही, हे क्लबला कळले. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांत सर्वात मोठा व्यवहार तेलाचा आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र जुहूपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात आहे आणि तिथल्या माणसांची ने-आण हेलिकॉप्टरने होते. चौदा दिवसांच्या पाळीला निघालेला कामगार सकाळी जुहूला येतो. त्याचे वजन होते, पिशवीचे वजन होते, दोन्ही आकडे वैमानिकाच्या कागदावर चढतात. कमरेला जीवरक्षक जाकीट बांधले जाते. पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून श्वास रोखून बाहेर कसे पडायचे याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला नसेल तर त्याला चढू दिले जात नाही. एवढे करूनही अपघात टळलेले नाहीत. ऑगस्ट २००३ मध्ये तेलक्षेत्राकडे निघालेले एमआय-१७२ समुद्रात पडून २७ जण गेले. जानेवारी २०१८ मध्ये पवनहंस कंपनीचे डॉफिन हेलिकॉप्टर जुहूहून निघाल्यावर डहाणूजवळ समुद्रात कोसळले, आतले सातही जण गेले. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावे लागले, नऊपैकी चौघे वाचले नाहीत. तरी या व्यवहाराला शिस्त आहे, कारण त्याच्यामागे दांडगा ग्राहक आहे. हेलिकॉप्टरचे वय किती असावे, इंजिने किती, वैमानिकाचा अनुभव किती, हे तेल कंपनी आपल्या निविदेत लिहिते. ज्याला लिहिलेले मान्य नाही त्याला काम मिळत नाही.

आता त्याच मैदानावरून उडणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाकडे पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये सहलीच्या उड्डाणाला निघालेले रॉबिन्सन आर-४४ हे छोटे हेलिकॉप्टर गोरेगावच्या आरे कॉलनीत कोसळले आणि वैमानिकाचा जीव गेला. ‘मुंबई वरून पाहा’ अशी हौस भागवायला आलेल्या कुटुंबाच्या हाती निविदा नसते. ते पैसे भरतात, सही करतात आणि बसतात. हेलिकॉप्टरला एक इंजिन आहे की दोन, वैमानिकाने आज किती फेऱ्या मारल्या, वाटेत इंजिन बंद पडले तर खाली उतरायला मोकळी जागा कुठे आहे, हे विचारायचे त्यांना सुचत नाही आणि सुचले तरी उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही. निवडणुकीच्या दिवसांत राजकीय पक्षांची हेलिकॉप्टरे एका सभेवरून दुसऱ्या सभेवर धावतात, तेव्हा तिसरा एक ग्राहक असतो. तो दांडगा खराच, पण त्याचा दांडगेपणा उशीर का झाला हे विचारण्यापुरता. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्याच्या बावधनमध्ये धुक्यात कोसळलेले हेलिकॉप्टर एका नेत्याला घेण्यासाठीच जुहूकडे निघाले होते. दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले. नेता त्यात नव्हता, म्हणून दोन दिवसांत विषय संपला.

म्हणजे एकाच विमानतळावर, एकाच धावपट्टीवर, सुरक्षिततेचे तीन दर्जे आहेत आणि ते विमानतळाने नव्हे, ग्राहकाच्या ताकदीने ठरवलेले आहेत. या अग्रलेखाची तक्रार एवढीच आहे आणि ती लहान नाही.

नियम नाहीतच असे कोणी म्हणणार नाही. उलट ते भरपूर आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय विमानाची उड्डाणयोग्यता पाहते, वैमानिकाचा परवाना देते, कंपनीला भाड्याने उड्डाणे करण्याची परवानगी देते. सुरक्षेची तपासणी दुसऱ्या केंद्रीय कार्यालयाची. जमीन, धावपट्टी आणि मनोरा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. भोवतालच्या इमारतींची उंची प्राधिकरण ठरवते, बांधकाम परवाना महापालिका देते. वर्षाला ३५ लाखांपेक्षा कमी प्रवासी असलेल्या विमानतळाचे दर आर्थिक नियामकाच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुहूला नियमित प्रवासी वाहतूकच नाही. प्रत्येकाची चौकट आपापल्या जागी ठीक. पण महासंचालनालय दिल्लीत बसून जो नियम करते तो देशातल्या सगळ्या हँगरना सारखा असतो. ज्या हँगरच्या मागे मोकळे माळरान आहे त्याला जो नियम, तोच ज्याच्या मागे शाळा आहे त्याला. हा फरक ओळखण्याचे काम स्थानिक नियमाचे. ते करू शकते फक्त जमिनीचा मालक, म्हणजे प्राधिकरण.

आणि प्राधिकरण काय करते? ते घरमालकासारखे वागते. हँगरची जागा, कार्यालयाची जागा, विमान उभे करण्याची जागा भाड्याने देते. निविदा निघते, अधिक देणाऱ्याला जागा मिळते, करारात अनामत, भाडेवाढ आणि मुदत यांची कलमे असतात. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या कब्जेदाराला बाहेर काढण्याचा अधिकार प्राधिकरणाला २००३ च्या दुरुस्तीने मिळाला. घरमालकाला जे हवे ते सर्व आहे. सुरक्षिततेच्या, वेळेच्या, आवाजाच्या अटी कुठे असल्याच तर त्या करारात, परिपत्रकात, वैमानिकांसाठीच्या सूचनांत अशा विखुरलेल्या. पार्ल्यातल्या माणसाने आपल्या गच्चीवरून रोज कोण, कशासाठी आणि कोणत्या अटीवर उडते हे जाणून घ्यायचे म्हटले, तर त्याने कुठे जावे? माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा आणि तीस दिवस वाट पाहावी. उत्तर ‘व्यापारी गोपनीयता’ असे आले तर अपील करावे.

अमेरिकेची उठसूट उदाहरणे देण्याची आपल्याकडे खोड आहे. पण या एका बाबतीत तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे बहुतेक विमानतळ गावाच्या किंवा परगण्याच्या मालकीचे असतात. विमानतळावर धंदा करू पाहणाऱ्यासाठी ही स्थानिक संस्था किमान अटींची एक पुस्तिका काढते. उड्डाण प्रशिक्षण द्यायचे तर किमान किती विमाने, किती पात्र प्रशिक्षक. दुरुस्ती करायची तर किती चौरस फूट हँगर आणि कोणत्या परवान्याचे तंत्रज्ञ. इंधन विकायचे तर टाकी केवढी, आगीची तयारी काय, किती तास माणूस हजर. आणि प्रत्येकासाठी विम्याची किमान रक्कम. ही पुस्तिका जाहीर असते, मसुद्यावर सुनावणी होते, शेजारचा रहिवासी आणि उद्याचा स्पर्धक दोघेही येऊन बोलतात. केंद्राचा पैसा घेतलेल्या विमानतळाला दोन गोष्टींचे बंधन असते: सारख्या धंद्याला सारखी अट लावायची आणि एकाच कंपनीला मक्तेदारी द्यायची नाही. मक्तेदारीवरची ही बंदी १९३८ च्या कायद्यापासून आहे. अट कडक असू शकते, पण ती धंद्याशी संबंधित हवी आणि आपल्या माणसाच्या मापाने बेतलेली नको.

न्यूयॉर्क शहराने मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या आपल्या हेलिपोर्टवर २०१६ मध्ये हाच मार्ग वापरला. जमीन शहराची, म्हणून चालकाबरोबरचा करारच बदलला. पर्यटन उड्डाणे वर्षाला सुमारे ६० हजारांवरून ३० हजारांवर आणायची आणि रविवारी एकही नाही. केंद्रीय कायदा न बदलता, केवळ जमीनमालक या नात्याने. अर्थात त्याची मर्यादाही दिसली. नदीपलीकडच्या न्यू जर्सीतून होणाऱ्या सहलींना हा करार लागू नव्हता. तिथूनच निघालेले, दारे उघडी ठेवून छायाचित्रे काढू देणारे हेलिकॉप्टर मार्च २०१८ मध्ये ईस्ट नदीत पडले, पाचही प्रवासी बुडाले. शिवाय शहराने आवाज कमी केला, पण यंत्राच्या दर्जाला हात घातला नाही. एप्रिल २०२५ मध्ये शहराच्या त्याच हेलिपोर्टवरून निघालेले सहलीचे हेलिकॉप्टर हडसन नदीत कोसळून सहा जण गेले. अर्धा नियम अर्धाच वाचवतो.

उलट टोकही आहे आणि ते सांगितले नाही तर अप्रामाणिकपणा होईल. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला आपला विमानतळच नको होता. तेव्हा शहराने भाडेपट्टे, इंधन, सेवा देणाऱ्या कंपन्या यांबाबतच्या आपल्या स्थानिक अधिकाराचा हत्यार म्हणून वापर सुरू केला. भाडेकरूंना नोटिसा गेल्या, केंद्रीय विमान प्रशासन मध्ये पडले, आणि जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली: धावपट्टी साडेतीन हजार फुटांवर आणायची आणि २०२८ च्या अखेरीनंतर विमानतळ बंद करण्याची शहराला मुभा. तिथल्या रहिवाशांना हा विजय वाटतो. आम्हाला तो मुंबईसाठी इशारा वाटतो.

कारण जुहूची जमीन. मुंबईच्या पश्चिम उपनगरात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, इतकी मोठी सपाट आणि मोकळी जागा दुसरी नाही. विमानतळामुळे भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, त्यामुळे जागेइतकेच डोळे त्या बंधनावरही लागलेले आहेत. बंधन मोडण्याची हौस किती दांडगी आहे हे २०२२ मध्ये उच्च न्यायालयात दिसले. मोठ्या विमानतळाच्या परिसरात मर्यादेपेक्षा उंच गेलेल्या ४८ इमारतींचे जादा भाग पाडा, असे न्यायालयाला जिल्हाधिकाऱ्यांना बजावावे लागले. आवाजाने त्रस्त झालेल्या रहिवाशाची तक्रार खरी आहे. पण तिच्या खांद्यावर बंदूक ठेवून ‘विमानतळच हलवा’ म्हणणारा जो दुसरा आवाज येतो, त्याला झोपमोडीची चिंता नसते. जुहू उद्या बंद झाले तर तिथे उद्यान होईल, असे मानणाऱ्याने या शहरातील गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास वाचावा. मुंबई हायवर माणूस जखमी झाला तर त्याला आणायला जुहू लागते. पुरात, समुद्रातल्या शोधात जुहू लागते. ते राहिले पाहिजे, म्हणूनच ते नियमाने चालले पाहिजे. बेशिस्त चालवलेला विमानतळ आपल्या शत्रूंच्या हाती स्वतःच फावडे देतो.

रहिवाशाचा मुद्दा आणखी एका कारणाने गंभीर आहे. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात सतरावे कलम होते. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ त्या उड्डाणाबद्दल अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येणार नाही, असे ते सांगत होते. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. जुन्याचा बहुतेक सांगाडा नव्यात तसाच आला. उड्डाणाला असे संरक्षण हवेच, नाहीतर प्रत्येक गच्चीमागे एक दावा उभा राहील. (अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कोंबडीपालकाने लष्करी विमानांच्या आवाजाने कोंबड्या भिंतींवर आपटून मरतात म्हणून सरकारला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९४६ मध्ये भरपाईचा हक्क मिळवला. आपल्याकडे कोंबड्यांचे आणि माणसांचे दोघांचेही तेवढे नशीब नाही.) पण न्यायालयाचे दार असे मिटले असेल, तर दुसरे दार उघडे ठेवणे राज्यकर्त्यांवर बंधनकारक ठरते. ते दार म्हणजे स्थानिक नियम आणि तो करताना घेतलेली सुनावणी. आज दोन्ही दारे मिटलेली आहेत.

भरपाईचीही तीच गत. विमानातल्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई ठरवायला कॅरेज बाय एअर कायदा आहे. ज्याच्या डोक्यावर विमान पडले त्याच्यासाठी त्या कायद्यात आकडा नाही. त्याच्या कुटुंबाने आधी दोष कोणाचा ते सिद्ध करायचे, मग कंपनी, तिचा विमा आणि तिचे वकील यांच्याशी झुंजायचे. शहराच्या मध्यावरून धंदा करणाऱ्या प्रत्येक भाडेकरूने जमिनीवरच्या माणसासाठी ठरावीक किमान रकमेचा विमा घ्यावा, त्याचे प्रमाणपत्र प्राधिकरणाकडे दरवर्षी जमा करावे आणि ते कोणालाही पाहता यावे, एवढे एक कलम भाडेपट्ट्यात घालायला संसदेची गरज नाही. प्राधिकरणाच्या अध्यक्षांची सही पुरते.

अशी आणखी कलमे सहज सुचतात आणि ती विमानतळावर काम करणाऱ्यांनाही ठाऊक आहेत. मोठ्या दुरुस्तीनंतरचे किंवा दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या विमानाचे पहिले उड्डाण वस्तीवरून नको. पश्चिमेला समुद्र आहे, वाऱ्याने परवानगी दिली तर त्या बाजूला जावे, नाही दिली तर त्या दिवशी उडू नये. सहलीच्या उड्डाणांना ठरलेला मार्ग, ठरलेले तास आणि दोन इंजिनांची अट. सहलीच्या वैमानिकाने दिवसाला किती फेऱ्या माराव्यात याची मर्यादा. हँगर घेणाऱ्याने ते परस्पर पोटभाड्याने दुसऱ्याला द्यायचे नाही, कारण ज्याच्या नावावर परवाना त्याच्या हाती पाना नाही असे झाले की जबाबदार कोण हे अपघातानंतर शोधावे लागते. कुंपणाजवळच्या इंधनसाठ्याची आणि आग विझवण्याच्या तयारीची वर्षातून एकदा तपासणी व्हावी आणि तीत महापालिकेचे अग्निशमन दल असावे, कारण कुंपणाबाहेर आग आली तर धावणार तेच आहे. आवाजाच्या मर्यादा केंद्राने २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी अधिसूचित केल्या. जुहूच्या चारही बाजूंना मोजणीची यंत्रे लावून आकडे रोज जाहीर करायला काय हरकत आहे?

हरकत एकच घेतली जाईल: एवढ्या अटी लावल्या तर भाडे कोण देईल? हा घरमालकाचा प्रश्न आहे, नियामकाचा नाही. आणि तो खराही नाही. जो चालक आज खर्च करून नियम पाळतो त्याला निविदेत स्वस्तात काम करणाऱ्याशी लढावे लागते. किमान अट सर्वांना सारखी झाली, की चांगल्याला शिक्षा व्हायची थांबते. नियमामुळे मक्तेदारी येईल ही भीती मात्र खरी आहे. ‘किमान तीन हेलिकॉप्टरे हवीत’ अशी अट घालून दोन हेलिकॉप्टरांच्या कंपनीला बाहेर ठेवणे आणि तीनवाल्याला मैदान मोकळे करून देणे हा खेळ आपल्या निविदांत नवा नाही. म्हणून मसुदा आधी जाहीर व्हायला हवा आणि प्रत्येक अटीपुढे ती का, हे लिहिलेले हवे.

हे आत्ताच का? कारण दाब वाढतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मुंबईच्या मोठ्या विमानतळावरची गर्दी कमी करायला तासाची उड्डाणे कमी केली आणि खासगी जेटना बंदी असलेले तास चारांवरून आठांवर नेले. तो निर्णय एका विमानतळापुरता, तिथल्या परिस्थितीसाठी घेतलेला होता. स्थानिक नियम करता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांना त्यातच उत्तर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दोन मोठ्या विमानतळांमधल्या अंतरासाठी हेलिकॉप्टर हा शब्द श्रीमंतांच्या तोंडी येणारच, आणि पलीकडचे टोक कोणतेही असो, अलीकडचे जुहूच असणार. इंडिगोमागच्या इंटरग्लोब समूहाने आणि अमेरिकेच्या आर्चर एव्हिएशनने २०२३ मध्येच विजेवर उडणाऱ्या हवाई टॅक्सी दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूत आणण्याचा मनोदय जाहीर केला आहे. त्या येतील तेव्हा जागा मागतील. तेव्हा नियम नसले तर त्या कंपन्यांचे वकील ते लिहून आणतील.

नियम आधी केले नाहीत तर काय होते हे केदारनाथने दाखवून दिले आहे. तिथल्या दऱ्यांतून हेलिकॉप्टरच्या खेपा वर्षानुवर्षे वाढत गेल्या. १५ जून २०२५ च्या पहाटे गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे आई-वडील आणि त्यांची दोन वर्षांचीही नसलेली मुलगी होती. त्यानंतर सेवा थांबवली गेली, कार्यपद्धती कडक करण्याचे आदेश निघाले, नियंत्रणाची व्यवस्था उभी करण्याची घोषणा झाली. यातले आधी करता येणार नव्हते असे काय होते? उड्डाणे मोजता येत होती, दरी माहीत होती, धुके दरवर्षी येते.

जुहूबाबत महाराष्ट्र सरकार हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. विमान वाहतूक केंद्राचा विषय खरा. पण सरकारचे मंत्री याच धावपट्टीवरून उडतात, खाली राहणारे मतदार याच राज्याचे आहेत आणि अपघातानंतर रुग्णवाहिका, पोलीस आणि शवागार राज्याचे किंवा पालिकेचे असते. राज्याने प्राधिकरणाला लेखी सांगावे की जुहूवरच्या धंद्यांसाठी किमान अटींचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध करा, हरकतींना साठ दिवस द्या आणि सुनावणी दिल्लीत नव्हे, पार्ल्यात घ्या. त्या सुनावणीला तेल कंपनी, सहलीवाले, दुरुस्तीवाले, झोपडपट्टीतले, सोसायट्यांतले, अग्निशमन दलाचे आणि इस्पितळांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात असावेत. मसुदा अंतिम होईपर्यंत प्राधिकरणाने जुहूचा एकही नवा भाडेपट्टा देऊ नये आणि मुदत संपणाऱ्या जुन्यांना सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतवाढ देऊ नये. तेलक्षेत्राची आणि रुग्णवाहतुकीची उड्डाणे यातून वगळावीत. बाकी सर्वांनी थांबावे.